गुलाबाला वास येतो कुठून?

फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा गुलाब नाकाशी नेला, तर बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते. गुलकंदाचा देशी गुलाब मात्र अंगणात घमघमतो. फरक जातीतच आहे. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी सुगंधी द्रव्यं तयार करतात. जिरॅनिऑल हे त्यांतलं एक महत्त्वाचं. ते बनवण्याच्या साखळीत ‘न्यूडएक्स-१’ हे विकर लागतं, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं. सुवासिक ‘पापा मेयाँ’ जातीत त्याचं जनुक जोमाने काम करतं, वास नसलेल्या ‘रूज मेयाँ’त ते जवळपास गप्प असतं. तेव्हा रोप विकत घेताना फूल हुंगून घ्या. नुसत्या खताने वास येत नाही.

तापीच्या उत्तरेला, सुरतेतल्या कोसाडला गुलाब लावायचा तर खरी अडचण पावसाळ्याची. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून मातीत वाळू आणि शेणखत मिसळून उंचवट्यावर किंवा मोठ्या कुंडीत रोप लावा. सहा तास तरी ऊन हवं. दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात. ही बुरशी ओल्या पानांवर फोफावते, म्हणून पाणी बुंध्याशीच घाला. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी केली की दीडेक महिन्यात कळ्या धरतात. कलमी रोपाला डोळ्याखालून फूट आली तर ती काढून टाका. ती जंगली खुंटाची असते.

फुलं तोडायची ती सकाळीच. ऊन चढलं की सुगंधी द्रव्यं उडून जातात.