‘सेटल’ होणे म्हणजे नेमके काय होणे?

अमरावती किंवा अकोल्यातील मध्यमवर्गीय घरात लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मुलगा सेटल आहे काय?’ थकीत कर्जदारांच्या मेळाव्यात बँकेचा अधिकारी सांगतो, ‘एकदाचे खाते सेटल करून टाका.’ न्यायालयाच्या आवारात पक्षकार वकिलाला विचारतो, ‘मॅटर बाहेरच सेटल होईल काय?’ विमा कंपनीच्या पत्रात पीकनुकसानीचा दावा ‘सेटल’ झालेला असतो, आणि नव्या घराच्या भिंतीला तडा गेला तर अभियंता शांतपणे म्हणतो, ‘पाया थोडा सेटल झाला आहे.’ क्रियापद एकच. परंतु पहिल्या वाक्यात ते सुस्थितीचे आहे, दुसऱ्यात सुटकेचे, तिसऱ्यात तडजोडीचे, चौथ्यात निकालाचे आणि शेवटच्यात तर चक्क खचण्याचे!

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर तो भाषेच्या अध्यापकांकडे सोपवून मोकळे होता आले असते. परंतु अर्थव्यवहारात शब्दाची संदिग्धता कोणाच्या तरी पथ्यावर पडते आणि कोणाला तरी महागात पडते. ‘सेटल’ हा शब्द वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या, नोकरदाराच्या आणि बेकार तरुणाच्या आयुष्यात इतक्या वाटांनी शिरला आहे की, तो उच्चारणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि ऐकणाऱ्याने घेतलेला अर्थ यांतील अंतर एकदा मोजून पाहणे अगत्याचे आहे.

बसणे आणि बसविणे

या क्रियापदाचे मूळ जुन्या इंग्रजीतील आसनवाचक शब्दात आहे. बसण्याच्या लांब लाकडी बाकालाही इंग्रजीत हेच नाव आहे. संस्कृतातील ‘सद्’ धातू, ज्यापासून सदन, सभासद आणि संसद हे शब्द आले, तो याच कुळातला. म्हणजे मूळ अर्थ साधा: बसणे, बसविणे. धूळ बसते, गाळ तळाशी बसतो, पाखरू फांदीवर बसते. पुढे माणूस गावी वसतो, धंद्यात त्याचे बस्तान बसते, भांडण मिटते, हिशेब चुकता होतो. आणि अखेरीस, हवे ते मिळाले नाही तर मिळेल त्यावर समाधान मानणे, हाही अर्थ त्याच क्रियापदाला एक शब्दयोगी जोडून साधला जातो.

मराठीने या प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र शब्द राखून ठेवला होता. मुलगा मार्गी लागतो. वऱ्हाडी बोलीत तो ‘लायनीले लागते’. संसार स्थिरस्थावर होतो. भांडणात समेट होतो, देण्याघेण्यात तडजोड होते, वादाचा निवाडा होतो, उधारी चुकती होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली, त्यानंतरच्या काळात शेतकऱ्याच्या तोंडी ‘चुकारा’ हा शब्द सतत असे. चुकारा थकला की दिवाळी कोरडी जाई. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की ते आपल्यासोबत एक प्रश्न घेऊन येतात. तडजोड म्हटली की ‘कोणी किती सोडले?’ असे विचारले जाते. निवाडा म्हटला की ‘कोणी दिला?’ असे विचारावे लागते. ‘सेटल झाले’ म्हटले की मात्र पुढे काही विचारायचे उरत नाही. वाक्यच संपते.

स्थिर काय झाले?

वऱ्हाडचा आधुनिक इतिहासच मुळी एका थकबाकीच्या तडजोडीतून सुरू होतो. हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे कंपनी सरकारची बाकी साचली होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व इतर काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६० च्या तहात जुने कर्ज रद्द झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. दोन सरकारांतील हिशेब मिटला. ज्यांच्या जमिनीवर तो मिटविला गेला त्या कुणब्यांना, माळ्यांना, महारांना या व्यवहारात कोणी विचारले नाही.

त्यानंतर आली ती जमाबंदी. इंग्रजीत तिचे नाव ‘सेटलमेंट’. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने वऱ्हाडची मोजणी झाली, प्रतवारी ठरली आणि साधारणतः तीस वर्षांसाठी सारा निश्चित करण्यात आला. पुण्यातील जमाबंदी आयुक्तांच्या पदाचे इंग्रजी नाव आजही ‘सेटलमेंट कमिशनर’ असेच आहे. या व्यवस्थेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. खातेदाराचा हक्क कागदावर आला. उद्या सरकार किती मागणार हे त्याला आधी कळू लागले. परंतु स्थिर झाला तो सारा, शेतकरी नव्हे. पाऊस अस्थिर होता, आणि अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली आणि कपाशीची बाजारपेठ थेट मँचेस्टरशी जोडली गेली. उत्पन्न वरखाली होत राहिले, सारा मात्र रोखीत आणि मुदतीत भरायचा. शिवाय हक्क हस्तांतरणीय झाल्यामुळे जमीन तारण ठेवता येऊ लागली, आणि जी तारण ठेवता येते ती गमावताही येते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मिरविणाऱ्या प्रदेशात सावकाराची वही जाड होत गेली, ती या स्थिरतेच्या छायेत.

येथील जमीनही या शब्दाला दाद देत नाही. काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घर खाली-वर होते आणि भिंती तडकतात. जाणता गवंडी म्हणूनच पाया खोल नेतो. धोरणे आखणाऱ्यांनी हा साधा धडा घेतला असता, तर चढउतार सोसेल अशी व्यवस्था आधी उभी केली असती आणि वसुलीची तारीख मागाहून ठरविली असती.

दुसऱ्याने वसविलेली माणसे

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ म्हणजे वसविणे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे त्यांना कुंपणाच्या आत ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या त्यांचे नावही ‘सेटलमेंट’च. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. परंतु सोलापुरात त्या नावाची वस्ती अजून आहे. वऱ्हाडातील फासेपारधी समाजाला तर कायदा गेला तरी संशय गेला नाही, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला.

आजच्या काळातील उदाहरण अधिक जवळचे आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटातील काही गावे जंगलातून उठवून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात वसविण्यात आली. कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले. तरीही जमीन, रोजगार आणि सोयी यांबाबतची आश्वासने पाळली गेली नाहीत असे सांगत पुनर्वसित ग्रामस्थ जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा जंगलात परतले, आणि तेथे प्रशासनाशी त्यांचा संघर्ष झाला. वाघाला निर्वेध जंगल हवे, हे खरेच. पण ज्या माणसाला दुसऱ्याने बसविले तो बसला की नाही, याचा निर्णय बसविणाऱ्याच्या अहवालावरून करता येत नाही.

मिटलेले खाते, बंद झालेला दरवाजा

सर्वांत जास्त फसगत होते ती कर्जाच्या बाबतीत. येथे इतिहासात एक चांगला दाखला आहे. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्जलवादाचा कायदा झाला. या प्रश्नाच्या संदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव वऱ्हाडात आदराने घेतले जाते. या कायद्यात धनको आणि ऋणको यांना मंडळासमोर बसविले जाई, कर्जाची रक्कम पाहून ती आपसांत कमी करण्याचा यत्न होई आणि हप्ते बांधून दिले जात. उणिवा त्यातही होत्या. पण ‘लवाद’ या शब्दातच तिसरा माणूस गृहीत होता. कोणी किती सोडले, हे दोघांनाही समजत असे.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना मात्र उरलेली रक्कम भरल्यावर सवलत, अशी एकरकमी ‘सेटलमेंट’ देण्यात आली. कोरडवाहू वऱ्हाडात तीन हेक्टरचा धनीही बागायती भागातील एका हेक्टरच्या धन्याहून गरीब असू शकतो, हे त्या एका रेषेला दिसले नाही. २०१७ च्या राज्य सरकारच्या योजनेतही दीड लाखावरील थकबाकीदाराने आधी वरची रक्कम भरावी, मग दीड लाखाचा लाभ घ्यावा, अशी अट होती. हाती रोकड नाही म्हणून जो थकला, त्याच्याकडेच रोकड मागण्याचा हा प्रकार होता.

सरकारी योजनांबाहेर बँका थकबाकीदाराशी जी तडजोड करतात, तिची गोष्ट आणखी निराळी. समजा, एखाद्याचे देणे दोन लाखांचे आहे आणि बँक एक लाख वीस हजारांवर खाते मिटविते. ऐंशी हजार वाचले, या आनंदात तो घरी येतो. परंतु त्याच्या पतअहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ म्हणून नव्हे, तर ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते. आणि पुढचा कर्जदाता या नोंदीकडे धोक्याची खूण म्हणून पाहतो. पेरणीला बँकेने नकार दिला आणि त्याने खासगी सावकाराकडून एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन दराने उचलले, तर वर्षाचे व्याज ३६ हजार होते. वाचलेले ऐंशी हजार सव्वादोन वर्षांत परत गेले! शैक्षणिक कर्ज अशाच रीतीने मिटविणाऱ्या पदवीधराला घराचे कर्ज मागताना हाच अडथळा येतो.

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये या विषयावर जे परिपत्रक काढले त्यात ‘कॉम्प्रोमाइज सेटलमेंट’, म्हणजे तडजोडीची मिटवणी, असा जोडशब्द आहे. अशा कर्जदाराला त्याच बँकेने पुन्हा कर्ज देण्यापूर्वी शेतीबाहेरील कर्जांसाठी किमान बारा महिने जावेत, आणि शेतीकर्जाबाबत ही मुदत बँकेने आपल्या धोरणानुसार ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. वरिष्ठ बँकेने तडजोडीला तडजोड म्हटले. गावातील मेळाव्यापर्यंत येता येता विशेषण गळून पडते आणि निव्वळ ‘सेटल’ उरते. लोकअदालतीतही हेच घडते. १९८७ च्या कायद्यानुसार तेथील निवाड्यावर अपील करता येत नाही. सही करणाऱ्या किती जणांना हे आधी सांगितले जाते?

स्थैर्याची व्याख्या

आता लग्नाच्या बैठकीतील प्रश्नाकडे वळता येईल. तेथे ‘सेटल’ म्हणजे मासिक पगार, शहरात घर आणि शक्य तर सरकारी नोकरी. ओलिताची दहा एकर शेती नेटकेपणाने कसणारा तरुण या व्याख्येत बसत नाही. शहरात कंत्राटी नोकरी करणारा, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा तरुण मात्र बऱ्याचदा बसतो. मुलीच्या बापाला दोष देऊन भागणार नाही. शेतीतील जोखीम समाजाने एकट्या शेतकऱ्याच्या माथी टाकली आहे आणि मुलीचा बाप तेवढेच वाचतो आहे. परिणामी अमरावती, अकोल्यातील अभ्यासिकांत शेतकऱ्यांची मुले तिशी उलटेपर्यंत स्पर्धापरीक्षांच्या जाहिरातींची वाट पाहतात, आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे उच्चशिक्षित चाळिशीला टेकतात. ‘सेटल होण्या’साठी आयुष्याची उमेदीची वर्षे अस्थिरतेत घालवावी लागतात. शेवटी मिळेल त्यावर समाधान मानणे, हाच अर्थ त्यांच्या वाट्याला येतो.

परकीय शब्दाला हाकलून लावावे, असा या विवेचनाचा आग्रह नाही. टेबल, पोलीस, कोर्ट यांच्यासारखा ‘सेटल’ही आता मराठीच आहे. आग्रह इतकाच की, जेथे या शब्दावर सही किंवा अंगठा उमटतो तेथे त्याचा अर्थ मराठीत लिहिलेला असावा. बँकेच्या तडजोडपत्रावर किती रक्कम सोडली, पतअहवालात नोंद कोणती होणार, नवे कर्ज किती काळ मिळणार नाही, या तीन ओळी ठळक अक्षरांत असाव्यात. लोकअदालतीच्या मसुद्यावर अपील नसल्याचे वाक्य वाचून दाखवावे. पुनर्वसनाचा अहवाल पुनर्वसितांच्या ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय ‘पूर्ण’ समजू नये. याला कोट्यवधींची तरतूद लागत नाही. खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाची पाच मिनिटे लागतात. गावातील शिक्षकाला आणि शिकलेल्या मुलालाही हे काम करता येईल. शेजाऱ्याच्या हातातील कागद वाचून त्याला एवढेच विचारावे: सेटल झाले म्हणतोस, ते कोणाचे, कोणी ठरविले आणि किती दिवसांसाठी?