हौसेची मोटार आणि धुराची परीक्षा

जुनी मोटार पदरी बाळगणे म्हणजे घरातल्या एखाद्या हट्टी वडीलधाऱ्या माणसाशी जन्मभर जुळवून घेणे होय. आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली, वडिलांनी पै-पै साठवून ती घेतली, आणि पुढे ती माझ्या हाती आली. तारुण्याच्या भरात मी तिच्यावर जे प्रयोग केले आणि त्यांचे प्रायश्चित्त मला पुढे कसे घ्यावे लागले, ते आज सांगावयाचे आहे. ज्यांच्या दारात अशी हौसेने बदललेली गाडी उभी असेल, त्यांना त्यातून काही उपयोग व्हावा एवढाच हेतू.

माझे प्रयोग त्या वयातले सर्वच करतात तसले होते. मूळचा कार्ब्युरेटर काढून मी त्याहून मोठा, दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर बसविला. हवेच्या गाळणीचा पत्र्याचा डबा कुरूप वाटला म्हणून तो काढून उघडी जाळी लावली. सायलेन्सरच्या जागी जवळजवळ सरळ नळी आली. गाडी गरजू लागली, आणि ती पूर्वीपेक्षा वेगाने पळते अशी माझी खात्री झाली. नंतर नोकरी आली, संसार आला, गाडी कापडाखाली झाकून उभी राहिली. नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे म्हणून अलीकडे ती पुन्हा बाहेर काढली, तेव्हा प्रथम धुराच्या परीक्षेला तोंड द्यावे लागले.

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक खोके, एक यंत्र आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, एवढाच त्या परीक्षागृहाचा थाट. त्याने यंत्राची सळई माझ्या गाडीच्या नळीत खोचली, तोंड एका बाजूस वळविले आणि बाहीने नाक झाकले. यंत्राने आकडे दाखविले : कार्बन मोनॉक्साइड शेकडा ६.१, हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २१००. माझ्या गाडीच्या पिढीसाठी मर्यादा आहे ती शेकडा ३ आणि दशलक्ष भागांत १५००. म्हणजे दोन्ही विषयांत नापास! जवळच उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आपण होऊन सल्ला दिला, "साहेब, कार्ब्युरेटरचा स्क्रू जरा आवळून घ्या. कागद हाती आला की पुन्हा सैल करा. सगळे तसेच करतात."

मी तोही उपाय करून पाहिला, हे कबूल केले पाहिजे. स्क्रू आवळला तसा पहिला आकडा खाली आला. पण दुसरा वर चढला, आणि इंजिन धापा टाकल्यासारखे थरथरू लागले. असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तरातच सारे मर्म आहे.

पेट्रोल जळते ते हवेच्या साह्याने. एक भार पेट्रोल पुरतेपणी जाळावयास सुमारे १४.७ भार हवा लागते. याचाच अर्थ असा की एक लिटर पेट्रोल जाळताना गाडी सुमारे नऊ हजार लिटर हवा आत ओढते. हे प्रमाण साधले तर नळीतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हवेतला नायट्रोजन बाहेर पडतो. हवा कमी पडली तर कार्बनला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उलट हवा फार झाली तर मिश्रण इतके पातळ होते की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर येते. हाच दुसरा आकडा, हायड्रोकार्बनचा. तेव्हा पहिला आकडा मिश्रण किती दाट आहे ते सांगतो, आणि दुसरा आकडा जळणे किती अर्धवट राहिले ते सांगतो. वैद्य जसा नाडीवरून पोटातला विकार ओळखतो, तसा जाणता मिस्त्री या दोन आकड्यांवरून इंजिनाचे दुखणे ओळखतो.

आता माझ्या प्रयोगांचे काय झाले ते पाहा. इंजिनातून जास्तीत जास्त जोर मिळतो तो थोड्या दाट मिश्रणावर, म्हणजे सुमारे साडेबारा-तेरास एक या प्रमाणावर. म्हणून हौशी माणूस कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, मोठी करतो. शिवाय मोठ्या कार्ब्युरेटरच्या रुंद घशातून इंजिन मंद चालत असताना हवा सावकाश वाहते, त्यामुळे पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत. थेंब राहतात, आणि ते नीट जळत नाहीत. परीक्षा तर होते ती गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असतानाच. म्हणजे जिथे माझी सुधारणा सर्वांत दुबळी, नेमके तिथेच परीक्षकाने बोट ठेवले होते!

आवळावयास सांगितलेला तो स्क्रू केवळ मंद चालीचे मिश्रण बदलतो. गाडी रस्त्यावर धावू लागली की पेट्रोल येते मोठ्या जेटमधून. त्यावर या स्क्रूची सत्ता नाही. स्क्रू आवळून कागद मिळविणारा माणूस परीक्षेपुरता सभ्य होतो, आणि वर्षभर पूर्वीचाच धूर सोडीत राहतो. माझ्या बाबतीत तर परीक्षेपुरतेही सोंग वठले नाही.

मग खरी तयारी कशी करावी? क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक प्रथम कार्ब्युरेटरला हात घालतात, आणि तो शेवटी घालावयाचा असतो.

पहिले काम इंजिनाच्या प्रकृतीचे. जुने तेल बदलावे. कारण फार दिवस दाट मिश्रणावर चाललेल्या इंजिनात पेट्रोल तेलात उतरते, तापल्यावर त्याची वाफ होऊन ते पुन्हा आत ओढले जाते आणि आकडे बिघडतात. चारही सिलिंडरांतील दाब मोजावा, झडपांचे टॅपेट ठरलेल्या मापाला लावावेत. एखादी झडप नीट बसत नसेल तर वरच्या साऱ्या कसरती व्यर्थ होत.

दुसरे काम ठिणगीचे. स्पार्क प्लग स्वच्छ असावेत किंवा नवे घ्यावेत, त्यांतील फट बरोबर असावी, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट झिजलेले नसावेत, आणि ठिणगी योग्य क्षणी पडावी. हौशी मंडळी ठिणगी वाजवीपेक्षा लवकर पाडतात. ती कारखान्याने सांगितलेल्या जागी आणली की बाहेर जाणारा वायू थोडा अधिक तापतो, आणि उरलेसुरले हायड्रोकार्बन नळीतच जळून जातात.

तिसरे काम हवेचे. गाळणी चोंदलेली नसावी. चोकची दांडी आत ढकलल्यावर चोकची झडप खरोखर पूर्ण उघडते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. जुन्या गाड्यांत तार अडकून ती अर्धवट मिटलेली राहते आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला लागतो. कार्ब्युरेटरच्या बुडाशी गॅस्केट फाटलेले असेल तर तेथून चोरटी हवा शिरते. तसेच सायलेन्सरला भोक नसावे. भोकातून बाहेरची हवा आत येऊन धूर पातळ दिसतो. पण कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायूही मोजणाऱ्या यंत्रापुढे ही लबाडी उघडी पडते.

हे सर्व झाल्यावर, आणि त्यानंतरच, कार्ब्युरेटर. त्यातील तरंगत्या डबीची पातळी नीट करावी, जेट इंजिनाच्या मापाचे घालावेत, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर धुराच्या यंत्राकडे पाहत मंद चालीचा स्क्रू लावावा. परीक्षेस जाण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी. थंड इंजिन घेऊन परीक्षेस जाणे म्हणजे झोपेतून उठवलेल्या मुलाला पाढे विचारण्यासारखे आहे. आणि एक सावधगिरी : हे प्रयोग बंद गॅरेजात कदापि करू नयेत. नाक झोंबते आणि डोळे चुरचुरतात ते न जळलेल्या पेट्रोलाने. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि माणूस काही न कळता कोसळतो.

अलीकडच्या गाड्यांचे शास्त्र थोडे निराळे आहे. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि तेथील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. हा मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांचा ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. विषारी वायू त्यातून जाताना निरुपद्रवी होतात. मात्र तो सुमारे अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज काम करीत नाही, आणि शिशाने तो कायमचा निकामी होतो. भारत स्टेज चारच्या गाड्यांना मर्यादाही कडक आहेत : मंद चालीवर कार्बन मोनॉक्साइड शेकडा ०.३ आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २००. शिवाय मिनिटास सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर पुन्हा तपासणी होते. तेथे मर्यादा शेकडा ०.२, आणि हवा-पेट्रोलाचे प्रमाण आदर्शापासून शंभरात तीनहून अधिक ढळता कामा नये. आवाज खुलावा म्हणून ज्यांनी हा कन्व्हर्टर कापून टाकला असेल, त्यांनी स्क्रू शोधू नये. तसला स्क्रू या गाड्यांत नसतोच. कन्व्हर्टर परत बसविणे आणि प्राणवायू मोजणारा संवेदक मूळ जागी आणणे, हाच एक मार्ग आहे.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. धुराच्या मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील असल्यामुळे त्या बडोद्यास, इंदुरास, हैदराबादेस आणि पुण्यास सारख्याच आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा कडक अर्थच मान्य केला. सी.एन.जी.ची टाकी बसवावयाची तर ती मान्यताप्राप्त असावी लागते आणि इंधनातील हा बदल नोंदणीपत्रावर चढवून घ्यावा लागतो. मोटार बदलण्याची हौस हा गुन्हा नव्हे. पण तिला कुंपण आहे, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या पद्मिनीचे पुढे काय झाले? एका वयस्क मिस्त्रींनी दोन दिवस खपून वरचा सारा क्रम पार पाडला. माझा मोठा कार्ब्युरेटर त्यांनी ठेवू दिला, पण त्यातील जेट लहान केले. माळ्यावर पडलेला गाळणीचा डबा खाली आला. सरळ नळी गेली आणि मूळ धाटणीचा सायलेन्सर परत आला. गाडीची गर्जना गेली याचे मला थोडे वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? पण ती पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागली, आणि पेट्रोलही कमी पिऊ लागली. जे पेट्रोल मी इतकी वर्षे धुरात घालवीत होतो, त्याचे पैसे माझ्याच खिशातून जात होते.

पुन्हा त्याच खोक्यापाशी गेलो. आकडे आले शेकडा १.४ आणि दशलक्ष भागांत ४८०. "काका, पास," तो मुलगा म्हणाला. मी त्याला विचारले, दिवसाकाठी किती गाड्या येतात? तो म्हणाला, "तीस-चाळीस." म्हणजे दिवसातून तीस-चाळीस वेळा तो कोणाच्या तरी गाडीमागे वाकतो. स्क्रूच्या युक्तीने कागद नेणाऱ्यांचा धूर पुढे चौकातल्या पोलिसाच्या, फुटपाथवरच्या चहावाल्याच्या आणि स्कूटरवर आईच्या मागे बसलेल्या पोराच्या वाट्याला जातो. ही परीक्षा आपली आहे असे आपण समजतो. तिचा निकाल मात्र ही माणसे आपल्या श्वासात भोगतात.

कागद घेऊन निघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या खेपेस सळई खोचताना त्या मुलाने तोंड फिरविले नव्हते.