चार्ज देताना

नोकरी लागायची असते तेव्हा सारे घर धावपळ करते. अर्ज, दाखले, मुलाखतीसाठी इस्त्रीचा सदरा, गणपतीला नारळ. तीच नोकरी सोडायची वेळ आली की सगळी तयारी एका कागदात आटोपते. चार ओळींचा राजीनामा, खाली सही आणि फार तर निरोपसमारंभात शाल-श्रीफळ. सोडून जाणे हेही एक काम आहे आणि ते शिकावे लागते, हे आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही.

ते शिकायचे असेल तर नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्याकडे पाहावे. येथल्या औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. २०११ मध्ये ५०० मेगावॅटचा पाचवा संच आला आणि केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट झाली. अशा केंद्राला रात्र नाही आणि दिवाळीही नाही. माणसे तीन पाळ्यांत राबतात. म्हणजे दिवसातून तीनदा कुणीतरी आपली जागा दुसऱ्याच्या हवाली करून घरी जातो. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा अशा ठिकाणचा पहिला नियम. दुसरा नियम लॉगबुकचा. कोळसा दळणारी कुठली मिल बंद आहे, कुठल्या पंपाचे बेअरिंग तापते आहे, कुठल्या यंत्रावर दुरुस्तीचे ‘परमिट’ दिले आहे, हे लिहून आणि तोंडाने सांगून मगच सुटका. परमिट दिले आहे याचा अर्थ, त्या यंत्रापाशी कुणीतरी हात घालून काम करतो आहे. ती एक ओळ लिहायची राहिली आणि पुढच्या पाळीने यंत्र चालू केले, तर एखाद्या घरचा माणूस परत येत नाही.

बँकेच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली होई, त्यामुळे आम्हांला चार्ज देण्याचा सराव आपोआप घडला. तिजोरीच्या किल्ल्या दोन, त्या दोन अधिकाऱ्यांकडे. रोकड मोजायची, रजिस्टरात सही करायची, किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवायची, झाले मोकळे. पण रजिस्टरात न मावणारा चार्जही असतो. संत्र्याचे पैसे हाती आले की कुठला शेतकरी न सांगता येऊन हप्ता भरतो, कुठल्या विधवेच्या पेन्शनचा कागद वर अडकला आहे, हे कुठल्याच यादीत नसते. ते सांगितले नाही म्हणून नव्या साहेबाचे काही बिघडत नाही. त्या बाईला मात्र पहिल्यापासून हेलपाटे सुरू होतात.

न सांगण्यामागे दर वेळी आळसच असतो असे नाही. ‘मी गेल्यावर समजन यायले!’ हे वाक्य आमच्या भागातल्या कितीतरी कचेऱ्यांत ऐकू येते. आपल्यावाचून अडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण साहेबाचे कधी अडत नाही, अडते ते काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसाचे.

कचेरीचे कचेरीला देऊन झाले, की आपले काय याचा हिशेब. २००० साली इंडियन बँक्स असोसिएशनच्या आराखड्यानुसार सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे नोकरी झालेला किंवा चाळिशी गाठलेला कर्मचारी अर्ज करू शकत होता. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली कमी असेल ती रक्कम मिळायची. २००१ च्या मार्चअखेरपर्यंत लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. त्या दिवसांत जेवणाच्या सुटीत डब्याशेजारी कॅल्क्युलेटर असे. मिळणारी रक्कम प्रत्येकाला तोंडपाठ होती. पण नोकरी सुटल्यावर सकाळी दहा वाजता काय करणार, याचे उत्तर थोड्यांपाशीच होते. एकाने संध्याकाळच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी आधीच घेतली होती. तो काळा कोट घालून नव्या उमेदीने कामाला लागला. ज्यांनी विचार केला नव्हता, त्यांची रक्कम मुलीचे लग्न, फ्लॅट आणि मेव्हण्याचा धंदा यांत वाटली गेली. मग पन्नाशीतला धडधाकट माणूस दुपारी जुन्याच शाखेत येऊन बाकावर बसू लागला.

आजच्या मुलांना नोकऱ्या अनेकदा बदलाव्या लागतात. त्यांनी नव्या ठिकाणचे नेमणूकपत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. बातमी आधी साहेबाला सांगावी, चहाच्या टपरीला नंतर. राजीनाम्यात तारीख आणि आभार पुरेत. तक्रारी तिथे लिहून कुणाचे भले झालेले नाही. कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. भविष्यनिर्वाह निधी मोडू नये. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला कायमचा यूएएन क्रमांक मिळतो, त्यामुळे जुने पैसे नव्या नोकरीच्या खात्यात वळवता येतात. पाच वर्षांच्या आत काढले तर सहसा करही पडतो. कंत्राटी कामगाराने तर हे कागद डोळ्यांत तेल घालून जपावेत. कंत्राटदार बदलतात, माणूस त्याच यंत्रापाशी उभा असतो, आणि मागच्या वर्षांचा पुरावा त्याच्याजवळच्या कागदांतच उरतो.

आता, शोभेसे जाणे म्हणजे गप्प जाणे नव्हे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून स्पष्ट सांगितली, पंतप्रधान नेहरूंवर टीका करायलाही ते कचरले नाहीत. पण त्याच नेहरूंच्या राजवटीत त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपदही. भांडण मुद्द्यापुरते ठेवले, म्हणून पुढच्या कामाची वाट बंद झाली नाही.

तुमच्याआमच्या राजीनाम्याने सरकार हलत नाही. आपल्याला एवढेच पाहायचे असते, की टेबलाच्या खणात आपल्यामागे कुणाचे काम अडकून राहिलेले नाही. गेल्यावर महिनाभर जुन्या कचेरीतून एकही फोन आला नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. चार्ज नीट दिला गेला, इतकाच त्याचा अर्थ.