ग्लँडर्सच्या जिवाणूची ओळख आणि वंशावळ

ग्लँडर्स हा घोडे, गाढवे आणि खेचरे यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि रोग सिद्ध झालेल्या जनावरावर उपचार न करता त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा असा दंडक भारतासह अनेक देशांत आहे. घोड्यावरच ज्याचे पोट चालते अशा कुटुंबाच्या दृष्टीने प्रयोगशाळेचा होकार म्हणजे उत्पन्नावर कुऱ्हाड असते, तर चुकीचा नकार म्हणजे साऱ्या पागेला धोका. म्हणून या जिवाणूची ओळख पटवण्याचे काम नेहमीच्या निदानापेक्षा अधिक जोखमीचे ठरते.

नाकातून येणारा चिकट, पिवळसर स्राव, नाकाच्या आतील पडद्यावरचे व्रण, फुप्फुसांतील गाठी आणि पायांवर लसवाहिन्यांच्या मार्गाने ओळीने उठून फुटणाऱ्या गाठी ही रोगाची लक्षणे असली, तरी केवळ त्यांवर विसंबता येत नाही. गाढवे आणि खेचरे बहुधा तीव्र स्वरूपाच्या रोगाने लवकर दगावतात. घोड्यात मात्र तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो आणि वरून धडधाकट दिसणारे जनावर पाण्याच्या सामाईक हौदातून इतरांना रोग देत राहते.

बर्कहोल्डेरिया मॅलेई हे या जिवाणूचे शास्त्रीय नाव. फ्रीडरिश लोफ्लर आणि विल्हेल्म श्युट्स यांनी 1882 मध्ये बर्लिन येथे तो प्रथम वेगळा केला. ग्लिसरीन मिसळलेल्या पोषक माध्यमावर नमुना पसरल्यास साधारण दोन ते तीन दिवसांनी करड्या-पांढऱ्या, बुळबुळीत वसाहती दिसू लागतात, आणि ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दंडाकृती जिवाणू आढळतात, जे स्वतःहून हालचाल करत नाहीत. परंतु जुनाट रोगात नमुन्यातील जिवाणू मोजकेच असतात, त्यांची वाढ मंद असते आणि नाकातील इतर जंतू त्यांच्या आधी माध्यम व्यापून टाकतात. शिवाय हा जिवाणू हाताळणाऱ्यालाच बाधण्याची भीती असल्यामुळे हे काम उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करावे लागते.

खरी अडचण आहे ती या जिवाणूच्या नातेसंबंधात. माती आणि पाण्यात राहणारा, माणसाला मेलिऑइडोसिस हा रोग देणारा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई त्याचा इतका जवळचा नातलग आहे, की मॅलेई ही त्याच्याच एका वंशाची, प्राण्यांच्या शरीरात कायमची वस्तीला गेलेली शाखा मानली जाते. 2004 मध्ये दोघांच्या जनुकसंचांचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा स्यूडोमॅलेईचा संच सुमारे 72 लाख आधारजोड्यांचा, तर मॅलेईचा सुमारे 58 लाखांचा असल्याचे दिसले. मोकळ्या मातीत जगण्यासाठी लागणारी कितीतरी जनुके मॅलेईने गमावली आहेत. हालचालीसाठी लागणाऱ्या ‘फ्लिपी’ या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसल्याने ते मोडले आहे. नेमका हा सांधाच पीसीआर चाचणीचे लक्ष्य झाला, कारण तो मॅलेईत सापडतो आणि स्यूडोमॅलेईत सापडत नाही. प्रजातीने गमावलेली क्षमताच तिची ओळख पटवण्याच्या कामी यावी, हे या शास्त्राचे फार सुंदर उदाहरण आहे.

प्रजाती कळल्यावर पुढचा प्रश्न उरतो तो प्रकारनिश्चितीचा, म्हणजे दोन ठिकाणचे जिवाणू एकाच साखळीतले आहेत की नाहीत हे ठरवण्याचा. सात जनुकांची तुलना करणारी प्रचलित पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण तिच्या कसोटीवर मॅलेईचे नमुने एकसारखेच निघतात. म्हणून जनुकसंचात लागोपाठ पुनरावृत्त होणारे छोटे तुकडे किती वेळा आले आहेत ते अनेक ठिकाणी मोजतात, किंवा संपूर्ण जनुकसंच वाचून एकेका अक्षराचा फरक शोधतात. बहारीनमध्ये 2010-11 च्या साथीत घोड्यांबरोबर एका उंटालाही हा रोग झाला, आणि तेथील जिवाणूंच्या अशा तपासणीतून रोग त्या देशात एकाहून अधिक वेळा शिरला असावा असे दिसून आले. आयातीचा दाखला जे सांगू शकत नाही, ते जिवाणूच्या वंशावळीतून कळले.

भारतात 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरात ग्लँडर्स पुन्हा डोके वर काढताना आढळला. आज देशात निदानाचे मुख्य केंद्र हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तपासणीचा मोठा भार रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांवर असतो. एका चाचणीचा निकाल दुसरीने पडताळून मगच निर्णय घ्यावा, हेच मालकाच्या आणि जनावराच्या दोघांच्याही न्यायाचे आहे.

जनावर विकत घेण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. नाकातून स्राव किंवा पायांवर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास ते वेगळे बांधून त्याचे दाणापाणी वेगळे करावे, उघड्या हाताने जखम हाताळू नये आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास विनाविलंब कळवावे, कारण या रोगाची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे.