30 अँटेना, 435 जोड्या: गुणाकार कमी कसे झाले?

अनेक अँटेनांचा रिसीव्हर म्हटलं की मोबाइलचा टॉवर आठवतो. मी आज जुन्नर तालुक्यातल्या खोडदचं उदाहरण घेणार आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. 14 मध्यभागी आणि 16 तीन बाहूंवर, साधारण 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात.

इथे एकेकट्या अँटेनाच्या सिग्नलवर भागत नाही. प्रत्येकीचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येकीशी गुणावा लागतो. म्हणजे 30 गुणिले 29 भागिले 2, एकूण 435 जोड्या. शिवाय उत्तर दर फ्रिक्वेन्सीचं वेगळं हवं. त्यासाठी सरळ मार्ग असा: जोडीतला एक सिग्नल थोडा थोडा मागे सरकवत दुसऱ्याशी गुणायचा. समजा 1024 वेळा सरकवला, तर दर नमुन्यामागे 435 गुणिले 1024, म्हणजे 4,45,440 गुणाकार झाले!

आता बघा, तुमच्याकडे घनसावंगीत मोसंबी आहे. 30 बागांचा माल आकारानुसार ताडून बघायचाय. या ढिगातलं प्रत्येक फळ त्या ढिगातल्या हजार फळांशी लावून बघाल का? नाही. आधी प्रत्येक बागेची प्रतवारी एकदाच कराल, मग फक्त सारख्याला सारखं लावाल.

प्रतवारीचं हे काम इथे एफएफटी करते. ही आकडेमोडीची रीत कूली आणि ट्युकी यांनी 1965 साली मांडली. 1024 नमुन्यांच्या तुकड्याला सुमारे 5,120 गुणाकार लागतात, म्हणजे नमुन्यामागे फक्त 5. 30 अँटेनांचे 150. नंतर दर जोडीला नमुन्यामागे एकच गुणाकार, म्हणजे 435. बेरीज 585. साडेसातशे पटींहून जास्त बचत! हिशोब ढोबळ आहे हं. जुन्या यंत्रांत नमुने एक-दोन बिटांचे असायचे, तिथला गुणाकार फार स्वस्त पडायचा, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी होता. जपानच्या नोबेयामा वेधशाळेत चिकाडा आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ही पद्धत करून दाखवली. जीएमआरटीनंही तीच घेतली.

पुढे दुर्बिणीचा पट्टा 32 मेगाहर्ट्‌झवरून 400 झाला. सेकंदाला 40 कोटी नमुने धरा: 585नं गुणलं की 23,400 कोटी गुणाकार, तेही एकाच ध्रुवणाचे. म्हणून आता तिथे जीपीयू लावले आहेत. आणि अँटेना 60 केल्या तर? प्रतवारीचं काम दुप्पटच, 300. पण जोड्या 1,770! एफएफटीचा इथे काही इलाज चालत नाही.

मघाशी कुणीतरी विचारलं, मोबाइलमध्येही असंच का? पहिली पायरी हीच. 4जीमध्येही आधी प्रत्येक अँटेनाची एफएफटी होते. फरक पुढे आहे. तिथे एकमेकांत मिसळलेले संदेश सुटे करायचे असतात. चार संदेश आणि प्रत्येकाची 64 रूपं असली, तर दर उपवाहकावर 64चा चौथा घात, म्हणजे 1,67,77,216 शक्यता. त्या सगळ्या तपासत बसलं तर बॅटरी टिकणार नाही. म्हणून चांगले रिसीव्हर मिळालेल्या सिग्नलच्या जवळपासच्या शक्यताच तपासतात आणि लांबच्या सोडून देतात.