तळपायाला पुन्हा जमीन कळावी म्हणून

केमोथेरपी संपते, केस परत येतात, पण तळपाय कित्येकदा बधिरच राहतात. पॅक्लिटॅक्सेलसारखे औषध पेशीतल्या सूक्ष्मनलिका जखडून टाकते. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीचे विभाजन थांबते. पण मज्जातंतूचा खुराक त्याच नलिकांवरून टोकापर्यंत जात असतो. पायाच्या बोटांपर्यंतचे तंतू सर्वांत लांब, जवळजवळ मीटरभर, म्हणून उपासमार आधी तिथे होते: मुंग्या, आग, सुया टोचल्यासारखी कळ. रायगडच्या कर्जत-खालापुरात भाताची लावणी अनवाणी चिखलात होते आणि वाट बांधावरून जाते. तिथे काटा रुतलेला न कळणे, पाऊल नेमके कुठे पडले ते न उमगणे, हे दुखण्याहूनही मोठे संकट आहे.

औषधांचा आधार तोकडा आहे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली या वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन या एकाच औषधाची शिफारस केली, आणि त्याचाही गुण बेताचाच. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने 41 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे योग करणाऱ्यांची वेदना दहाच्या मापावर सरासरी सुमारे दोनने उतरली, इतरांची एकापेक्षाही कमी. पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. उभ्याने तोल सांभाळत हात पुढे नेण्याची क्षमता मात्र स्पष्टपणे वाढली. माझ्या मते महत्त्वाचे आहे ते हेच. योगाने तंतू नव्याने उगवतात, असे कोणी सांगू नये. ताडासनात टाच, अंगठ्याचे मूळ, करंगळीची कड यांवर आळीपाळीने भार टाकताना उरल्यासुरल्या संवेदनेचा वापर करायची सवय मेंदूला लागते, असे मानायला जागा आहे. रुग्ण थोडे होते, आणि बरे वाटेल या आशेनेही वेदना कमी वाटते, हा आक्षेप रास्तच आहे. पण हात किती सेंटिमीटर पुढे गेला ते पट्टीने मोजतात. तिथे आशेला वाव कमी. मग फिजिओथेरपी का नको? जरूर हवी. पण त्यासाठी दर आठवड्याला खोपोली लोकलने परळचे टाटा कॅन्सर रुग्णालय गाठणे किती जणांना झेपेल? योगाला एकदा नीट शिकवणारा भेटला की पुढे भिंत आणि सतरंजी पुरते.

मोठा प्रयोग व्हायला हवा, आणि तो इथेच व्हावा. खालापूर तालुक्यातल्या तांबाटीत टाटा मेमोरियल सेंटरला सरकारने जागा दिली आहे. घाट चढला की लोणावळ्याचे कैवल्यधाम. तिथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योग प्रयोगशाळेत तपासला. या प्रयोगात वेदनेच्या आकड्याबरोबर वर्षभरात माणूस किती वेळा पडला, तेही मोजावे. तोवर केमो चालू असतानाच मुंग्या डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात, कारण डोस बदलता येतो. योगासाठी केमो मात्र सोडू नये. आजार हाडात गेला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर विचारल्याशिवाय उभ्याची आसने करू नयेत.