मयिलसामी : आवाजाच्या जोरावर पडद्यावर आलेला विनोदवीर

तमिळ सिनेमातले विनोदवीर म्हटलं की वडिवेलू आणि विवेक ही नावं आपल्याकडेही ठाऊक असतात. मयिलसामींचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, म्हणून ही पोस्ट.

ईरोड जिल्ह्यातल्या सत्यमंगलमचा हा माणूस मुळात नकलाकार. १९८४ साली दिग्दर्शक भाग्यराज यांच्या 'धावणी कनवुगळ' या चित्रपटात तोंड दिसलं, पण अगदी गर्दीतलं. पुढची कित्येक वर्षं अशाच किरकोळ भूमिकांत गेली. लोकांपर्यंत ते खरे पोहोचले 'सिरिप्पो सिरिप्पु' या विनोदी कॅसेटमुळे. कॅसेटवर नक्कल करणं महाकठीण! रंगमंचावर भुवई उडवली, खांदा वाकडा केला की निम्मं काम होतं. इथे चेहराच नाही. नट कोण ते नुसत्या आवाजावरून, श्वास कुठे घेतला त्यावरून ऐकणाऱ्याला कळायला हवं.

मग भूमिका वाढल्या. 'धूल' (२००३) जरूर बघा. दृश्य दोन-चार मिनिटांचं असलं तरी ते स्वतःची छाप सोडून जातात, आणि माझ्या मते हेच त्यांचं मोठेपण.

अभिनेते आणि तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एमजीआर यांचे ते निस्सीम चाहते. अडल्यानडल्याला मदत करण्यातही पुढे असायचे. २०२१ मध्ये चेन्नईच्या विरुगंबाक्कममधून अपक्ष म्हणून विधानसभेलाही उभे राहिले. १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाशिवरात्रीचं जागरण करून परतल्यावर, ५७व्या वर्षी ते गेले. अखेरच्या दर्शनाला रजनीकांतही आले होते.

त्यांचा तुमचा आवडता सीन कोणता? कमेंटमध्ये नक्की लिहा.